चकमक की टोपी? ठासणीच्या बंदुकीत तुमचा कल कुणाकडे?

खामला_रिटर्न

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे किल्ल्यांचे आणि जुन्या शस्त्रांचे बरेच वेडे आहेत म्हणून धीर करतो.

पेन्सिल्व्हेनियात अकरा वर्षं काढून गेल्या वर्षी नागपुरात परतलो. भांडीकुंडी आली, पुस्तकं आली, दोन बंदुका मात्र तिकडच्या मित्राला देऊन आलो. दोन्ही ठासणीच्या, म्हणजे दारू-गोळी नळीच्या तोंडाकडून ठासायच्या. दोन्हींत तीच काळी दारू, तीच कापडाच्या चकतीत बसवलेली शिशाची गोळी, तोच गज. एक चकमकीवर पेटायची, दुसरी टोपीवर, एवढाच फरक. परवा भाच्याला घेऊन अजब बंगल्यात गेलो होतो. शस्त्रांच्या दालनात त्यानं विचारलं, "मामा, चकमकीची चांगली की टोपीची?" मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. उत्तर लांबलचक होतं आणि भाच्याला भूक लागली होती. म्हणून इथे.

ज्यांनी हे प्रकरण जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळून गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की तो पोलादी पाटीवर खरवडत उतरतो. ठिणग्या गारेच्या असतात असं आपल्याला वाटतं, पण त्या पोलादाच्या. गार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत पेटतो. त्याच दणक्यात पाटी उलटते, खालची वाटी उघडी पडते, तिच्यातली रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, भडकते आणि तिचा जाळ कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकातून, आत शिरून मुख्य बाराला लागतो. टोपीच्या बंदुकीत ही वरात नाही. नळीच्या बुडाशी एक पोकळ बोंडी, तिला निपल म्हणतात. तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी. आत चिमूटभर स्फोटक. घोडा पडला की टोपी फुटते आणि जाळ सरळ आत. दिवाळीत आपण टिकल्या फोडायचो त्याचंच थोरलं भावंड म्हणा.

आता माझं मत. टोपीची बंदूक जवळपास सगळ्याच बाबतींत सरस आहे. आणि मला आवडते ती चकमकीची.

कारण सांगतो. चाप ओढल्यावर आधी घोड्याचा खट्, मग उजव्या डोळ्याच्या वीतभर पुढे फस्स करून जाळ, आणि मग बार. तिन्ही एकमेकांत मिसळलेले असतात, पण अंगाला वेगवेगळे कळतात. जाळ दिसला की मान आक्रसते, खांदा मागे जातो, आणि गोळी निघते तेव्हा नळीचं तोंड भलतीकडे असतं. टोपीच्या बंदुकीतही मान आक्रसतेच, पण तोवर गोळी गेलेली असते. म्हणजे चूक झाकली जाते. दोन वर्षं मी टोपीवर स्वतःला बरा नेमबाज समजत होतो.

तिथल्या रेंजवर ऐंशीला टेकलेले एक आजोबा यायचे. जानेवारीतली सकाळ, बोटं लाकडासारखी. त्यांनी मला त्यांची चकमकीची बंदूक भरून दिली. मी नेम धरला, चाप ओढला. खट्, फस्स, आणि पुढे काहीच नाही. जाळ विझला तेव्हा नळी चांगली चार बोटं खाली झुकलेली होती आणि माझा डावा डोळाही मिटलेला होता. आजोबा हसत होते. त्यांनी वाटीत रंजक घातली होती, नळीत बारच भरला नव्हता. पुढचे तीन रविवार त्यांनी मला तेवढंच करायला लावलं. बार नाही, नुसती रंजक. जाळ बघायचा आणि हलायचं नाही. चौथ्या रविवारी खरी गोळी मिळाली, ती कागदावर लागली. कुठे लागली ते विचारू नका, कागदावर लागली.

तर तुमचा कल कुठे? ज्यांनी कधी बंदूक हातात धरलेली नाही त्यांनीही लिहा, इथे कोण कुठे परवाना तपासतोय.

चिवडा_पार्सल

आमच्याकडे चकमक फक्त घरात आणि टोपी फक्त उन्हाळ्यात. पण नागपूरचा मे डोळ्यासमोर आणला तर माझं मत टोपीला. वर दुपट्टाही बांधा.

उमरेडकर_पोट्टा

भाऊ, वाचून राहिलो होतो तर आमचे आबाजीच समोर उभे राहिले. उमरेडच्या पुढं आमचं वावर, रानाला लागून. रानडुकरांचा एवढा त्रास की हरभरा घरी येईल याची शाश्वती नाही. आबाजीकडे शेतीरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची एकनळी होती. टोपीची. चकमकवाली बंदूक आमच्या पंचक्रोशीत कोणी पाहिलीही नाही, म्हणून तुमची ती रंजकबिंजक वाचून मजा वाटली.

आबाजी मचाणावर बसायचे तेव्हा मी पण हट्ट करून जायचो. एकदा रात्री पावसानं गाठलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं घोडा झाकला आणि पावसाला शिव्या देत बसले. नंतर समजलं की टोपी बसवल्यावर तिच्या कडेनं मेण लावून ठेवायचे, म्हणजे ओल आत जात नाही. पहाटे डुकरं आली तर त्यांनी हवेत बार काढला. निघाला बरं का, पहिल्याच झटक्यात. कान दुपारपर्यंत वाजत होते माझे. तुमच्या वाटीतल्या रंजकीचं त्या रात्री काय झालं असतं ते तुम्हीच सांगा.

खामला_रिटर्न

लापशी झाली असती. अर्ध्या तासात. नुसत्या दमट हवेतही रंजक ओल धरते, दर थोड्या वेळानं फुंकून काढायची आणि नवी घालायची. वाटीवर गाईच्या गुडघ्याच्या आकाराची चामडी टोपी घालतात, ती बरीच मदत करते, पण नेम धरायच्या आधी ती काढावीच लागते ना.

वाडा_आणि_बुरूज

धागा आवडला, पण दादा, तुमच्या आवडीशी माझं भांडण आहे. तुम्ही रविवारी सकाळी कागदावर गोळ्या मारता, समोरून कुणी तुमच्या अंगावर धावून येत नाही. ज्यांच्या अंगावर कुणी येत होतं त्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता.

१८३४ मध्ये लंडनजवळ वुलिच इथे ब्रिटिश लष्करानं दोन्ही प्रकारच्या सहा-सहा हजार फैरी झाडून पाहिल्या. चकमकीच्या बंदुका ९२२ वेळा पेटल्या नाहीत. टोपीच्या ३६ वेळा. म्हणजे तुमच्या लाडकीनं साधारण दर सहा-सात फैरींमागे एकदा हात वर केले. तुमच्या आजोबांनी जे मुद्दाम केलं ते शिपायाच्या नशिबी फुकट होतं.

आणि पावसाचं म्हणाल तर १८४१ च्या मे महिन्यातली चीनमधल्या कँटनजवळची हकिगत वाचा. पहिलं अफूयुद्ध. ३७ व्या मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीची एक कंपनी सान्युआनलीच्या भातखाचरांत मुसळधार पावसात वाट चुकून मागे राहिली. चकमकीच्या बंदुका भिजून निकामी. भोवती हजारोंचा जमाव, हातात भाले. बिचारे चौकोन करून संगिनींवर तग धरून उभे राहिले. रात्री शोधायला आलेल्या मरीन सैनिकांकडे टोपीच्या बंदुका होत्या, त्या त्याच पावसात चालल्या आणि हे लोक सुटले. मला ही गोष्ट जवळची वाटते कारण आपली कामठीची छावणी १८२१ पासूनची आणि तिथे फौज मद्रासचीच असायची. या शिपायांचे भाऊबंद कन्हानच्या काठी राहून गेलेले असणार. तेव्हा चकमकीच्या रोमान्सवर माझा फारसा विश्वास नाही.

अवांतर: टोपीचा उगम मात्र तुमच्यासारख्याच एका हौशी माणसाच्या चिडचिडीत आहे. स्कॉटलंडमधला पाद्री, अलेक्झांडर फोर्सिथ. बदकं मारायला जायचा, पण वाटीतला जाळ दिसला की बदकं गोळी पोचायच्या आत उडायची किंवा पाण्यात बुडी मारायची. त्यानं आघातानं पेटणारं स्फोटक वापरून बार पेटवायची कळ बनवली, १८०७ मध्ये पेटंट घेतलं. तांब्याची टोपी त्यानंतर आली. तुम्ही जो जाळ पाहून हलायचं नाही असं शिकलात, तो जाळ बदकांनी फार आधी ओळखला होता.

चिवडा_पार्सल

म्हणजे खामलाभाऊंपेक्षा बदकं हुशार. नोंद घेतली.

खामला_रिटर्न

ताई, वुलिचच्या आकड्यांपुढे मी काय बोलू. पण आपल्याच गावाचं एक उदाहरण देतो. सीताबर्डी, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. टेकड्यांवर कंपनीचे दीड हजाराच्या आसपास लोक, खाली आप्पासाहेब भोसल्यांची त्यांच्या कितीतरी पट फौज, त्यात पदरी ठेवलेले अरब शिपाई. कंपनीच्या शिपायांच्या हातात चकमकीच्याच बंदुका होत्या आणि रात्रभर त्या चालल्या. नोव्हेंबर होता, कोरडा. हीच लढाई श्रावणात झाली असती तर?

वाडा_आणि_बुरूज

श्रावणात झाली असती तर अरबांच्या बंदुकांचे तोडेही, म्हणजे पेटवायच्या जळत्या दोऱ्याही, विझल्या असत्या, दोन्ही बाजू तलवारींवर आल्या असत्या आणि मग संख्या बोलली असती. हा "जर-तर" मला मोहात पाडतो, पण त्यातून चकमक चांगली ठरत नाही, हवामान चांगलं होतं एवढंच ठरतं. अरबांचं म्हणाल तर पुढे महिनाभर ते शहरात ठाण मांडून होते, २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला आणि शेवटी अटी ठरवूनच बाहेर पडले. हत्यार जुनं असून.

आणि तोडा निघालाच आहे तर विचारते. तुम्हाला साधेपणाच हवा तर चकमकीवर का थांबता? तोड्याची बंदूक घ्या. जळती दोरी, ती रंजकीला टेकवायची, संपलं. ना गार, ना घट्ट कमान, ना पाणी दिलेली पाटी. दोरी गावात वळता येते, कळ गावचा लोहार दुरुस्त करतो. आपल्याकडे ती एवढी टिकली ती याचमुळे, लोक अडाणी होते म्हणून नव्हे.

खामला_रिटर्न

हा मुद्दा मला लागला. खरंच लागला. कारण चकमकीच्या बाजूनं मी नेहमी हेच सांगत आलो की कारखान्यावर अवलंबून राहावं लागत नाही. कोविडच्या काळात तिकडे टोप्या दुकानांतून गायबच झाल्या. मित्रमंडळी शंभराच्या एका डबीसाठी दोन-दोन तास गाडी हाकत होती. माझी टोपीची बंदूक भिंतीला टेकून, आणि चकमकीची मात्र दर रविवारी रेंजवर. खिशात चार गारा, झालं काम. त्या दिवसांत मी फार मिरवलं. ताईंच्या हिशोबानं तोडेवाला माझ्यावर हसला असता.

तरीही तोडा नको. एका हाताशी उघडी दारू आणि दुसऱ्या हातात जळती दोरी, माझं काळीज एवढं मोठं नाही.

दगडधोंडे

मी बंदुकांच्या वाटेला जात नाही, पण गार म्हटल्यावर राहवेना. धागाकर्ते, तुमच्या खिशातल्या त्या चार गारा कुठल्या होत्या? विकतच्या इंग्लिश असतील तर काळपट, चुनखडीतल्या. तसा फ्लिंट आपल्याकडे नाही. पण नागपूर बसलंय मजेशीर जागी. पश्चिमेकडे दख्खनचा काळा बेसाल्ट, पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना खडक, आणि शिवण आपल्या पायाखालून जाते. बेसाल्टच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी आणि अकीक सापडतात. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात चर्टही मिळतो. नागपुरातल्याच टाकळीचे असले थर जगभरच्या जीवाश्मवाल्यांना माहीत आहेत, मिशनरी हिस्लॉप साहेबांनी एकोणिसाव्या शतकातच तिथून जीवाश्म गोळा केले होते. अश्मयुगातल्या माणसानं विदर्भात पाती काढली ती याच दगडांची. कॅल्सेडनी पोलादावर मारली तर ठिणगी पडते, हे मी वर्गात दरवर्षी कानशीचा तुकडा घेऊन करून दाखवतो. पांढरी गारगोटीही पेटते, पण तिची कड लगेच चुरते.

खामला_रिटर्न

इंग्लिशच होत्या, काळ्या. कड बोथट झाली की पितळी टोच्यानं हलकेच टवके काढून परत धार आणायची. त्या टवक्यांनी अंगठा कितीदा कापला गणती नाही. अकिकाची गार लावून पाहायची फार इच्छा होती, राहून गेलं. सर, तुमच्या वर्गात बसता येईल का?

दगडधोंडे

या. डबा घेऊन या.

कॉटन_मार्केट_७ए_एम

टोपीच्या बाजूनं एक मुद्दा कुणीच मांडला नाही. टोपी नसती तर रिव्हॉल्व्हर झालंच नसतं. चक्रातल्या गोळीच्या प्रत्येक घरासाठी वेगळी रंजक कुठून ओतणार?

वाडा_आणि_बुरूज

"झालंच नसतं" नको म्हणूया. एलिशा कॉलियरनं १८१८ मध्ये चकमकीच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं होतं. रंजक आपोआप वाटीत पडायची सोयही केली होती. महाग, नाजूक, चाललं नाही फारसं. कोल्टचं १८३६ चं टोपीचं रिव्हॉल्व्हर चाललं. तेव्हा "खपलं नसतं" म्हणा.

कॉटन_मार्केट_७ए_एम

मान्य. खपलं नसतं.

तर्रीवाला

दोन्ही बंदुका इकडेच का नाही आणल्या हो? अमेरिकेत ठासणीला लायसन लागत नाही असं ऐकलंय.

खामला_रिटर्न

तिकडच्या केंद्रीय कायद्यात या बंदुका पुरातन वस्तूंत मोडतात, नवी घडवलेली प्रतिकृती असली तरी. मी पहिली चक्क टपालानं मागवली होती. इकडे ठासणीलाही परवाना लागतो, आणि रास्तच आहे. शिवाय आणून करायचं काय? शिकार १९७२ च्या कायद्यानंतर नाहीच, आणि काळी दारू काय गोकुळपेठेत किराण्यासोबत मिळणार आहे?

गंमत म्हणजे चकमकीची बंदूक मी घेतली तीही एका नियमामुळेच. पेन्सिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून हरणांच्या शिकारीचा एक खास मोसम असतो, त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते, टोपीची नाही. १९७४ पासूनची पद्धत. मी हरिण कधी मारलं नाही, मित्रांबरोबर बर्फात नुसता हिंडलो. एकदा एक मादी वीस पावलांवर आली. मित्रानं चाप ओढला. खट्, फस्स. ती थांबली, आमच्याकडे बघितलं, आणि चालत गेली. पळालीसुद्धा नाही. मित्र अजून तिचं नाव काढलं की चिडतो.

निवृत्त_बारूदखाना

उशिरा आलो. आयुष्य स्फोटकांच्या परवान्यांच्या कागदांत गेलं, देशाच्या त्या खात्याचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे हे पुष्कळ नागपूरकरांना ठाऊक नसतं. माझी आवड विचाराल तर टोपी, आणि कारण अगदी कारकुनी आहे. उघडी दारू जितकी कमी हाताळाल तितकी बरी. चकमकवाला प्रत्येक बाराला दोनदा दारू ओततो, एकदा नळीत, एकदा वाटीत. आणि शेजारी उभ्या माणसाचा विचार कुणी केला नाही अजून. कानातून जाळाची पिचकारी आडवी निघते ती उजवीकडच्या माणसाच्या बाहीवर.

साफसफाईत मात्र दोन्ही सवती सारख्याच. काळ्या दारूची काजळी हवेतलं पाणी ओढते, दमट दिवसांत रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी नळीत तांबेरा. कडकडीत पाणी ओतायचं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो येईनासा होईपर्यंत ओतायचं, मग कोरडी चिंधी आणि तेल. आमच्या सौ. म्हणायच्या, तुमचा छंद नाकानं ओळखू येतो.

खामला_रिटर्न

काका, बाहीचं खरं आहे. माझ्या एका स्वेटरला अजून भोकं आहेत, आणि तो स्वेटर माझाच, म्हणजे शेजारी मी होतो.

उमरेडकर_पोट्टा

काकांनी सफाईचं लिहिलं म्हणून आठवलं. आबाजीची बंदूक दर निवडणुकीला ठाण्यात जमा व्हायची. परत यायची तेव्हा नळीत बोट घातलं तर लाल होऊन निघायचं. आबाजी एक शब्द बोलायचे नाहीत, चुलीवर पाणी ठेवायला सांगायचे. ते गेल्यावर बाबांनी बंदूक कायमची जमा करून टाकली.

आज बाबांना फोन करून हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, अरे टोप्यांची डबी अजून आहे, माळ्यावर, आबाजीच्या पेटीत. मी म्हटलं उघडून पाहा. त्यांनी पाहिलं. अकरा टोप्या आहेत, हिरव्या पडलेल्या. एक हातोडीखाली फोडून पाहू का, विचारून राहिले आहेत.

निवृत्त_बारूदखाना

अजिबात नाही! फोन लावा आत्ता. जुन्या टोपीचा भरवसा नाही, ती फुटली तर तांब्याचा कपचा सरळ डोळ्यात जातो. डबी हलवायची नाही, खरवडायची नाही, चुलीच्या खोलीत तर मुळीच ठेवायची नाही. ठाण्यात कळवा, त्यांनाच येऊन नेऊ द्या. बंदूक जमा केल्याची पावती असेल तर तीही हाताशी ठेवा.

उमरेडकर_पोट्टा

लावला फोन. बाबांनी हातोडी परत ठेवली, पण तोंड पाडून. डबी आहे तिथंच आहे, माळ्याला कुलूप घातलंय. उद्या सकाळी सरपंचांना घेऊन ठाण्यात जाणार आहेत. पावती सापडली, ती पण आबाजीच्याच पेटीत होती, मेणाच्या तुकड्याखाली.